डॅम्प, मॉइस्ट, सॉगी: नेमके कोणते विशेषण कुठे?

प्रश्न: इंग्रजीत ओलेपणासाठी डॅम्प, मॉइस्ट, ह्युमिड, सॉगी अशी अनेक विशेषणे आहेत. शब्दकोशात ती जवळजवळ समानार्थी दिसतात, तर लिहिताना त्यांतून निवड कशी करावी?

प्रतिसाद १: ओल हवीशी आहे की नकोशी, हे आधी पाहावे. केक किंवा कुंडीतली माती मॉइस्ट असणे चांगले. भिंत किंवा अंथरूण डॅम्प असेल तर त्यात तक्रार असते. ह्युमिड मुख्यतः हवेला लावतात, टॉवेलला नाही.

प्रतिसाद २: बहुतांशी सहमत आहे, मात्र डॅम्प नेहमीच तक्रारीचा नसतो, कारण डॅम्प कापडाने पुसून घ्या, अशी साधी सूचनाही सर्रास आढळते. सॉगीचे वेगळे आहे: तेथे पाणी शोषून वस्तू लिबलिबीत होते आणि तिची मूळ घडणच बिघडते, म्हणून दुधात फार वेळ राहिलेले कॉर्नफ्लेक्स सॉगी होतात, पण पावसात भिजलेला दगड केवळ वेट असतो.

प्रतिसाद ३: पाणी मुरून चिखलमय झालेल्या मैदानाला वॉटरलॉग्ड म्हणतात, इंग्लंडमध्ये हिवाळ्यात फुटबॉलचे सामने याच कारणाने पुढे ढकलले जातात. थंड, कोंदट तळघरासाठी मात्र डँक हाच शब्द योग्य, कारण त्यात कुबट वासही अनेकदा अभिप्रेत असतो.