सौरवादळाच्या रात्री तुम्ही कुठे होतात?

१० मे २०२४, अक्षय्य तृतीया. सूर्यावरच्या ३६६४ क्रमांकाच्या सौरडागांमधून सुटलेले विद्युतभारित कणांचे लोट एकामागून एक पृथ्वीवर आदळले आणि २००३ नंतर पहिल्यांदाच जी-५, म्हणजे सर्वात तीव्र श्रेणीचं सौरवादळ आलं. अशा वादळात ध्रुवांजवळचा ध्रुवीय प्रकाश (अरोरा) पार दक्षिणेकडेही दिसतो. मी इंग्लंडमध्ये रेडिंगला राहते. रात्री अकराला मैत्रिणीचा फोन, "आहेस तशी बाहेर ये!" मी उत्तरेकडे डोळे लावून उभी, आणि प्रकाश थेट डोक्यावर! गुलाबी, मधूनच हिरवट पट्टे, माथ्यावरच्या एका बिंदूपासून चहूकडे ओघळत होते. सासूबाई भारतातून आल्या होत्या, त्यांनी नकळत हात जोडले. मला रडू आलं.

तुम्हीही लिहा. दिसला नसेल तरी लिहा, वाट कशी पाहिलीत तेही वाचायचंय.

न्यू जर्सीहून

मे महिन्यात आमच्याकडे ढग. त्यामुळे १० ऑक्टोबरला, ऐन नवरात्रात, पुन्हा वादळ येतंय कळल्यावर आरती लवकर आटोपली आणि गाडी काढून दिव्यांपासून लांब, शेतांकडे गेलो. उत्तरेला राखाडी धुरकट काहीतरी. लेक म्हणाली, "बाबा, ढगच आहे हो." फोनवर तीन सेकंदांचं एक्स्पोजर लावलं आणि पडदा लालभडक! अंधारात आपल्या डोळ्यांतल्या रंग ओळखणाऱ्या पेशी जवळजवळ काम करत नाहीत, कॅमेरा मात्र प्रकाश साठवत राहतो. दहाच्या सुमारास काही मिनिटं नुसत्या डोळ्यांनाही लाली दिसली. लेक माझा हात सोडेना.

पाहायला जाणाऱ्यांसाठी एक सांगतो: फक्त केपीच्या, म्हणजे वादळाची तीव्रता सांगणाऱ्या आकड्यावर जाऊ नका. बीझेड पाहा, म्हणजे सौरवाऱ्यातल्या (सूर्याकडून वाहत येणाऱ्या कणांच्या प्रवाहातल्या) चुंबकीय क्षेत्राचा उत्तर-दक्षिण कल. ते क्षेत्र दक्षिणेकडे वळलं, म्हणजे बीझेड बराच वेळ उणे राहिला, तरच पृथ्वीचं चुंबकीय कवच उघडतं. हे मोजणारी यानं पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने पंधरा लाख किलोमीटरवर आहेत, त्यामुळे पूर्वसूचना जेमतेम तासाभराची मिळते.

नाशिकहून

आमचं एका रात्रीने हुकलं. ११ मेला संध्याकाळी लडाखमध्ये हानलेला पोहोचलो, तर होमस्टेच्या आजी म्हणाल्या, काल रात्री आलं होतं ते. तिथल्या खगोलीय वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी लाल झळाळी टिपली होती. इतक्या दक्षिणेकडून प्रकाशाचा फक्त वरचा भाग क्षितिजावर डोकावतो. दोनशे किलोमीटरच्याही वर ऑक्सिजनचे अणू लाल चमकतात, खालचा हिरवा पृथ्वीच्या वळणाआड जातो. दोन गोधड्या गुंडाळून पहाटे तीनपर्यंत बसलो. आकाशगंगा वर आली, लाली नाही. आजही हळहळ वाटते. पुन्हा जाणार आहे.

अलिबागहून

आपल्याकडून दिसत नाही, पण आपल्याकडे नोंद होते. २ सप्टेंबर १८५९च्या कॅरिंग्टन वादळात, म्हणजे नोंदवलेल्या सर्वात मोठ्या सौरवादळांपैकी एकात, मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी (चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) घसरलेलं टिपलं गेलं. तेव्हा इथे भर दिवस होता! माणसं उपकरणाशी बसून हाताने आकडे लिहीत होती. जगभरचे शास्त्रज्ञ आजही ते आकडे अभ्यासतात. पुढे मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार आणि त्यांच्या विजेने मोजमाप बिघडणार म्हणून १९०४ साली चुंबकीय वेधशाळा आमच्या अलिबागला आली.

१० मेच्या रात्री मी गच्चीवर गेलो. काही दिसणार नाही हे ठाऊक होतं, तरी तासभर उत्तरेकडे बघत राहिलो. तिकडे मुंबईच्या दिव्यांचा उजेड होता. वेधशाळेच्या आवारात मात्र ते वादळ मोजलं जात होतं.