माइक मार्टिन: २,०२९ विजय, विजेतेपद शून्य. थोर कोच की नुसता सातत्याचा धनी?

गार्नेटगणू
२०२४ मध्ये फ्लोरिडा स्टेट पुन्हा ओमाहाला जाऊन हात हलवत परतली, आणि टॅलाहासीतल्या (कॉलेजच्या गावातल्या) आम्हा चारदोन मराठी टाळक्यांत जुना वाद परत पेटला. तो इथे मांडतो.

ज्यांना कॉलेज बेसबॉलची सवय नाही त्यांच्यासाठी: माइक मार्टिन १९८० ते २०१९ असे सलग ४० हंगाम फ्लोरिडा स्टेटचे मुख्य कोच होते. २,०२९ विजय, ७३६ पराभव, ४ बरोबरी. ऑगी गॅरिडो यांचा १,९७५ विजयांचा विक्रम त्यांनी २०१८ मध्ये मोडला. चाळीसपैकी एकाही हंगामात चाळिसापेक्षा कमी विजय नाहीत, एकाही वर्षी राष्ट्रीय स्पर्धा हुकली नाही. शेवटच्या आठ संघांची कॉलेज वर्ल्ड सिरीज ओमाहाला होते. तिथे ते १७ वेळा गेले आणि १७ वेळा रिकाम्या हाताने आले.

माणूस सज्जन होता, २०२४ च्या फेब्रुवारीत गेला, तेव्हा वाईट वाटलंच. पण प्रश्न कोचचा आहे. माझं म्हणणं असं की मार्टिन यांचा संघ फेब्रुवारी ते मेसाठी बांधलेला असायचा, जूनसाठी नाही. त्यांच्या बॅटिंगचा पाया म्हणजे संयम: वाईट चेंडू सोडा, असे चार बॉल घ्या, वॉकवर म्हणजे फुकटात पहिला बेस गाठा, समोरच्या पिचरला (बेसबॉलचा बोलर) दमवा. मंगळवारी एखाद्या छोट्या कॉलेजचा तिसऱ्या फळीचा पिचर समोर असला की हे तंत्र सोनं. २००९ मध्ये रीजनलला, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्या फेरीत, ओहायो स्टेटला ३७-६ असं धुतलं ते उगाच नाही. पण पुढच्याच आठवड्यात आर्कान्सा आमच्या मैदानावर येऊन दोन्ही सामने जिंकून गेले. चांगला पिचर वॉक देतच नाही. मग तुमच्याकडे दुसरं काय आहे?

आकडेमोड्या
गणूभाऊ, भावनेआधी जरा गणित. आठ संघ, सगळे समान ताकदीचे धरले तर एका फेरीत जिंकायची शक्यता आठात एक. सतरा वेळा जाऊन एकदाही न जिंकण्याची शक्यता साधारण १० टक्के निघते. म्हणजे असे दहा मार्टिन घेतले तर त्यातला एक निव्वळ नशिबानेच रिकामा राहणार. आपण त्या एकाला पकडून त्याच्या स्वभावात, बॅटिंगच्या तंत्रात, पाणी पिण्याच्या पद्धतीत कारण शोधतोय.

बेसबॉल हा खेळच असा आहे की सगळ्यात भारी संघसुद्धा तीनातला एक सामना हरतो. आणि ओमाहात दोनदा हरलात की बॅग भरायची.

गार्नेटगणू
समान ताकदीचे कशाला धरायचे? तुम्हीच म्हणता ते थोर कोच, संघ देशात वरच्या पाचात. मग शक्यता आठात एक नको, पाचात एक धरा. सतराही वेळा अपयश यायची शक्यता मग २ टक्क्यांवर येते. एक तर संघ तेवढा चांगला नव्हता म्हणा, नाही तर चांगला असून जूनमध्ये काहीतरी बिघडत होतं म्हणा. दोन्हीकडून कोच सुटत नाही.

बॅटनरूजची सून
आमच्याकडे एलएसयूत (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) स्किप बर्टमन १८ हंगाम कोच होते. ओमाहाला ११ वेळा गेले, पाचदा जिंकले. १९९१, १९९३, १९९६, १९९७, २०००. एकूण विजय ८७०, म्हणजे मार्टिन यांच्या निम्म्याहून कमी. लुइझियानात कुणालाही विचारा, अदलाबदल करणार का म्हणून. हसतील. :)

आकडेमोड्या
सूनबाई, १९९६ चं विजेतेपद नवव्या, म्हणजे शेवटच्या, इनिंगमध्ये दोन बाद असताना (तिसरा बाद की खेळ संपला) वॉरन मॉरिसच्या होमरनवर आलं. तो चेंडू कुंपणाच्या अलीकडे पडला असता तर पाचाचे चार झाले असते आणि बर्टमन तेवढेच हुशार राहिले असते.

बॅटनरूजची सून
पण पडला नाही ना अलीकडे.

ओमाहाची काकू
आमचं घर ओमाहातच, त्यामुळे जून महिना म्हणजे पाहुण्यांचा आणि पार्किंगच्या भांडणांचा. जुनं रोझेनब्लाट मैदान होतं तेव्हापासून हे सामने बघतेय. गणू, तुम्ही १७ हा आकडा एकगठ्ठा वापरताय ते मला पटत नाही. त्यातल्या दोनच वेळा ते शेवटच्या सामन्यापर्यंत पोचले. १९८६ मध्ये अॅरिझोनाने १०-२ ने हरवलं, तो निकाल एकतर्फी, त्यात रडण्यासारखं काही नाही. १९९९ मध्ये मायामीने ६-५ ने हरवलं. एका धावेने! आणि तेव्हा फायनल एकाच सामन्याची असायची. तीन सामन्यांची फायनल २००३ पासून आली. एका दुपारी एक धाव कमी पडली म्हणून माणसाची चाळीस वर्षं मोजायची?

दुसरं, बॉबी बोडेन आठवा. तुमच्याच कॉलेजचे अमेरिकन फुटबॉलचे कोच. १९९१ आणि १९९२, दोन्ही वर्षी मायामीविरुद्ध शेवटची किक उजवीकडून बाहेर गेली. तेव्हा लोक म्हणायचे, बोडेनना मोठे सामने जिंकता येत नाहीत. १९९३ ला विजेतेपद आलं आणि तेच लोक पुतळ्याच्या गोष्टी करायला लागले. बोडेन १९९२ ला मूर्ख आणि १९९३ ला शहाणे, असं झालं का?

गार्नेटगणू
काकू, बोडेन शेवटी जिंकले. दोनदा. माझा मुद्दा तोच आहे.

फुलटॉस
मी क्रिकेटवाला, बेसबॉल अलीकडे बघायला लागलोय. आपल्याकडे चंद्रकांत पंडित बघा. १९९९ ला मध्य प्रदेशचे कर्णधार म्हणून बंगळुरूत रणजी फायनल हरले. २०२२ ला त्याच चिन्नास्वामीवर, त्याच मध्य प्रदेशला, कोच म्हणून मुंबईविरुद्ध जिंकून दिलं. मधे विदर्भाला लागोपाठ दोनदा. कोच म्हणजे करंडक, असं आमचं साधं गणित. इथे इतकी चर्चा का लागते?

कॅचर नाना
फुलटॉस, पंडितांबद्दल आदर आहेच, पण हे काम वेगळं. रणजी संघात चांगला खेळाडू दहा वर्षं मिळतो. इथे पोरगं अठराव्या वर्षी येतं आणि चांगलं निघालं तर तिसऱ्या वर्षाअखेर व्यावसायिक संघ उचलून नेतात. काही तर कॉलेजला येण्याआधीच जातात. म्हणजे दर तीन वर्षांनी संघ नव्याने उभा करायचा, तोही चाळीस वर्षं.

त्यात पैशाची गंमत ऐका. तेव्हा फुटबॉलला ८५ पूर्ण शिष्यवृत्त्या असायच्या. बेसबॉलला किती? ११.७. हो, दशांश सात. या पावणेबारा शिष्यवृत्त्या २७ पोरांत वाटायच्या. कुणाला अर्धी, कुणाला पाव. अलीकडे तो नियम गेला, पण मार्टिन यांनी कारकिर्दीचा बराच काळ असाच काढला. मी इथे शाळकरी पोरांना कॅचिंग शिकवतो. त्यांच्या पालकांना कॉलेजचे कोच काय समजावतात ते ऐकलंय, अर्धा वेळ फीचा हिशोबच चालतो.

आणि खेळाडू घडवणं हे कोचचं काम धरायचं की नाही? बस्टर पोझी फ्लोरिडा स्टेटला आला तेव्हा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) खेळायचा. दुसऱ्या वर्षी त्याला कॅचर (बेसबॉलचा विकेटकीपर) केलं. २००८ ला देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरला, पुढे सॅन फ्रान्सिस्को जायंट्स या व्यावसायिक संघाबरोबर तीन (व्यावसायिक) वर्ल्ड सिरीज जिंकला. शॉर्टस्टॉपच राहिला असता तर? जे. डी. ड्रू घ्या, डग मिंटकेविच घ्या. ही माणसं कुणाच्या हाताखालून गेली?

गार्नेटगणू
नाना, पोझीचं नाव तुम्हीच काढलंत ते बरं झालं. २००८ ला पोझी संघात होता. ओमाहाला काय झालं? स्टॅनफर्डकडून १६-५, मग मायामीकडून ७-५. दोन सामने, घरी परत. देशातला सर्वोत्तम खेळाडू हाताशी असून एक सामना नाही जिंकला.

११.७ चं रडगाणं तर नकोच. तो नियम सगळ्यांनाच होता. उलट फ्लोरिडात ‘ब्राइट फ्यूचर्स’ ही लॉटरीच्या पैशातून चालणारी राज्याची शिष्यवृत्ती १९९७ पासून आहे. चांगले मार्क असलेल्या स्थानिक पोराची फी त्यातून भागते आणि कोचची शिष्यवृत्ती दुसऱ्यासाठी वाचते. घराबाहेर पडलं की बारा महिने बेसबॉल खेळता येईल अशी हवा. मिशिगन किंवा नेब्रास्काच्या कोचला यातलं काय मिळतं?

ओमाहाची काकू
नेब्रास्काच्या कोचला मार्चमध्ये बर्फ मिळतो. हे खरंय.

बॅटनरूजची सून
आमच्या राज्यातही तशी योजना आहे हो. पण आम्ही जिंकलो.

आकडेमोड्या
गणूभाऊ, तुमचा सिद्धांत २०१९ वर लावून दाखवा. मार्टिन यांचा शेवटचा हंगाम. संघ इतका ढेपाळलेला की राष्ट्रीय स्पर्धेत घेतील की नाही याचीच धाकधूक. जेमतेम प्रवेश मिळाला. मग जॉर्जियाला जॉर्जियाच्या मैदानावर हरवलं. मग सूनबाईंच्या बॅटन रूजला जाऊन एलएसयूला ६-४ आणि बारा इनिंगमध्ये ५-४. ७५ वर्षांचा कोच, परक्या मैदानांवर, मानांकन नसलेला संघ. जूनमध्ये यांचा संघ गळपटतो म्हणता, मग हे काय होतं?

बॅटनरूजची सून
त्या आठवड्याबद्दल मी बोलणार नाही.

गार्नेटगणू
पुढचं का नाही सांगितलं? ओमाहात आर्कान्साविरुद्ध १-० ने जिंकले. ड्रू पॅरिशने आठ इनिंग अफलातून पिचिंग केली. मग मिशिगनकडून ०-२, टेक्सस टेककडून १-४. तीन सामन्यांत मिळून दोन धावा! पिचिंगने आपलं काम केलं, बॅटिंग वॉकची वाट बघत उभी राहिली. मी पहिल्याच पोस्टमध्ये जे लिहिलं त्याचा याहून चांगला पुरावा मलाही सापडला नसता.

कॅचर नाना
तीन सामन्यांवरून चाळीस वर्षांचं तंत्र निकालात? धन्य आहे.

फुलटॉस
आणि मुलाचं काय? वाचलं की मार्टिन यांच्यानंतर त्यांच्या मुलालाच कोच केलं. आपल्याकडे असं झालं असतं तर घराणेशाही म्हणून गदारोळ झाला असता.

कॅचर नाना
माइक मार्टिन ज्युनियर वडिलांच्या हाताखाली वीसहून जास्त वर्षं सहायक होता, आकाशातून पडलेला नव्हता. पहिला हंगाम कोविडने अर्ध्यात खाल्ला. २०२१ आणि २०२२, दोन्ही वर्षी संघ राष्ट्रीय स्पर्धेत गेला. तरी काढला. का? कारण टॅलाहासीत ‘नुसतं स्पर्धेत जाणं’ म्हणजे नापास. ही अपेक्षा कुणी तयार केली? बापानेच. मग लिंक जॅरेट आले आणि २०२३ ला काय झालं ते गणूला विचारा.

गार्नेटगणू
२३ विजय, ३१ पराभव. १९७७ नंतर पहिल्यांदा स्पर्धा हुकली. विचारायची गरज नव्हती नाना, मी मैदानावर बसून बघितलंय.

कॅचर नाना
मग कळलं ना, दरवर्षी चाळीस विजय म्हणजे काय चीज आहे? ते आपोआप होतं असं तुम्ही धरून चाललात. माणूस निवृत्त झाल्यावर चार वर्षांत गाडी रुळावरून उतरली. पहिल्या दिवशी जेवढं सोपं वाटतं तेवढं ते सोपं असतं तर दुसऱ्या कुणीतरी केलं असतं.

आकडेमोड्या
आणि २०२४? कोच वेगळा, खेळाडू वेगळे. टेनेसीविरुद्ध पहिल्या सामन्यात नवव्या इनिंगला ११-८ ने पुढे, आणि हरले १२-११. मार्टिन तेव्हा हयातही नव्हते. जूनमधलं अपयश त्यांच्या तंत्राचं असेल तर ते त्यांच्यानंतरही कसं चालू राहिलं?

गार्नेटगणू
जॅरेट मार्टिन यांचाच शॉर्टस्टॉप. चार वर्षं त्यांच्याच हाताखाली खेळलाय. शिकवण तीच!

शिवाय त्या फेरीत व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलायनाला हरवून ते परत टेनेसीसमोर आले होते. हरले, पण बॅट चालवून हरले. २०१९ सारखे उभ्या उभ्या नाही.

ओमाहाची काकू
गणू, आता तुम्ही जॅरेटला एकाच पोस्टमध्ये मार्टिनचा चेला पण म्हणता आणि मार्टिनपेक्षा वेगळा पण म्हणता. एक काय ते ठरवा.

कॅचर नाना
काकू, जाऊ द्या. मला एवढंच सांगा गणू, १९७० ला फ्लोरिडा स्टेट फायनलला गेली आणि १५ इनिंगनंतर यूएससीकडून (युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया) २-१ ने हरली. मार्टिन तेव्हा कोच नव्हते. त्याचं बिल कुणाच्या नावावर फाडणार?

गार्नेटगणू
जॅक स्टॉलिंग्ज यांच्या. माझ्याकडे सगळ्या कोचची यादी आहे.