मदत हवी आहे: दात काढलेत, पण गोड खिमट नको म्हणतात. मऊ आणि चवदार काय करू?

वारणाकाठ:
नमस्कार मंडळी. आमच्या आण्णांचे (वय 74) उरलेसुरले सगळे दात मागच्या आठवड्यात काढले. जखमा भरून कवळी बसेपर्यंत दोन-तीन महिने सहज जातील असं डॉक्टर म्हणाले. सध्या तिखट बंद, फार गरम नको, चावायचं तर काहीच नाही. त्यात साखर आहे, गोळ्या चालू आहेत. म्हणजे शिरा, खीर, साबुदाण्याची लापशी हे शेजारपाजारचे सगळे सल्ले बाद.

खरी अडचण वेगळीच आहे. आण्णा वाळवा तालुक्यातले. जन्मभर ज्वारीची भाकरी, कांदा-लसूण चटणी आणि वर तेलाची धार. वरण-भात मिक्सरमधून फिरवून दिला तर ताट सरकवलं, म्हणाले, "मी काय तान्हं बाळ हाय?" आता पोटभर जेवतच नाहीत. चहात बिस्किट बुडवून दिवस काढायचा बेत दिसतोय.

घरात आम्ही दोघंच. स्वयंपाक मी करतो. आमटी, पिठलं, भाकरी जमते (गोल नसते, पण फुगते). कढी मात्र फुटते आणि उकडीत गुठळ्या होतात. सकाळी आठला मी घराबाहेर पडतो, तेव्हा दुपारी त्यांना स्वतः गरम करून घेता येईल असं काही सुचवा. आणि कृपा करून "सूप द्या" म्हणू नका. ते पाणी आहे असं त्यांचं मत आहे आणि त्यावर चर्चा होत नाही.

पळीवाढी:
दादा, मेतकूट-तूप-मऊ भात! याला तोड नाही. तिखट न घालताही चव असते. घरी करा, विकतच्यात तिखट असण्याची शक्यता असते.

हरभऱ्याची डाळ 1 वाटी, उडदाची डाळ अर्धी वाटी, तांदूळ अर्धी वाटी, गहू पाव वाटी. शिवाय जिरे आणि धणे चमचा-चमचा, मेथी अर्धा चमचा, मोहरी अर्धा चमचा. प्रत्येक जिन्नस वेगळा, मंद आचेवर, कोरडा भाजायचा. एकत्र भाजाल तर मेथी जळेल आणि डाळ कच्ची राहील, मग सगळं कडू. हरभऱ्याची डाळ तांबूस व्हायला वेळ लागतो, घाई करू नका. गार झालं की हळद, हिंग, सुंठ घालून दळा आणि मैद्याच्या चाळणीने चाळा. तुमच्याकडे तर दोनदा चाळा. कोरड्या बरणीत दोन महिने आरामात टिकतं.

भाताला आंबेमोहोर घ्या. जुना, सुटा होणारा तांदूळ या कामाचा नाही. 1 वाटी तांदळाला 5 ते 6 वाट्या पाणी. कुकर अर्ध्याच्या वर भरू नका, नाहीतर पेज शिट्टीतून भिंतीवर. पाण्यात थेंबभर तूप टाकलं की उतू जाणं कमी होतं.

वारणाकाठ:
धन्यवाद पळीवाढीताई. आमच्या घरात मेतकूट कधी आलेलं नाही, आण्णा त्याला "पुण्याची पावडर" म्हणतात. पण करून बघतो. साखरेमुळे भात किती द्यावा हा प्रश्न राहतोच.

वजनकाटा:
मी एका रुग्णालयात आहारतज्ज्ञ आहे. आधी तीन गोष्टी, मग पाककृती.

पहिली, गोळ्या नेहमीच्याच चालू आणि जेवण निम्म्यावर आलं तर साखर खाली जाऊ शकते. घाम, थरथर, एकदम गळून गेल्यासारखं वाटणं याकडे लक्ष ठेवा आणि जेवण कमी झालंय हे त्यांच्या साखरेच्या डॉक्टरांना आजच फोन करून सांगा. गोळी आपल्या मनाने कमी-जास्त करू नका. दुसरी, सध्या स्ट्रॉने काहीही प्यायला देऊ नका. ओढण्याने जखमेतली रक्ताची गुठळी निघते आणि मग भयंकर दुखतं. वाटी-चमचा बरा.

तिसरी गोष्ट कुणी सांगत नाही: फोडणीतली मोहरी. मऊ भात, मऊ आमटी केली, सगळं छान, आणि वर मोहरी-जिऱ्याची खमंग फोडणी. ते दाणे दाताच्या खड्ड्यात जाऊन बसतात. तीळ, खसखस, रवा, वांग्याच्या बिया, टोमॅटोच्या बिया, नाचणीचा कोंडा, सगळ्यांचं तेच. मऊ आहे की नाही एवढंच बघू नका, दाणा आहे का ते बघा.

भाताचं म्हणाल तर नुसती तांदळाची पेज साखर लवकर चढवते. निम्मे तांदूळ, निम्मी भाजलेली मूगडाळ करा, सोबत अंडं, दही, ताक असं काहीतरी ठेवा. बाकी पीठवाले प्रकार इथले लोक माझ्यापेक्षा चांगले सांगतील.

पळीवाढी:
मोहरीचं खरंच डोक्यात आलं नव्हतं. फोडणीशिवाय मात्र जेवण म्हणजे दवाखानाच.

तव्याखालची राख:
फोडणी करायची की. नेहमीपेक्षा जरा जास्त तेलात मोहरी, जिरे, ठेचलेला लसूण, कढीपत्ता, हिंग सगळं घाला, तडतडू द्या, आणि तेल गाळणीतून आमटीवर ओता. चव आली, दाणे गाळणीत.

पळीवाढी:
गाळणी स्टीलची हं! नाहीतर चहाची प्लास्टिकची घ्याल आणि ती वितळून आमटीत.

तव्याखालची राख:
हो, हो. स्टीलचीच. आणि आमटी पेटवलेल्या गॅसवर असताना ओतू नका, भडका उडतो.

वारणाकाठ, आता तुमच्या आण्णांचं खाणं सांगतो, मी शिराळ्याकडचा. त्यांना पुण्या-मुंबईचं काही देऊ नका. हुलग्याचं माडगं द्या. गुळाचं सगळ्यांना माहीत असतं, पण आमच्याकडे मिठाचंही करतात. हुलगे निवडून, मंद भाजून, घरघंटीवर बारीक दळून आणायचे (कोकणात कुळीथ म्हणतात तेच, बाजारात कुळथाचं तयार पीठ मिळतं तेही चालेल, पण चाळून घ्या). दोन पोह्याचे चमचे पीठ अर्धी वाटी गार पाण्यात कालवायचं, गार हं, गरम नाही. बाजूला दोन वाट्या पाणी उकळायला ठेवायचं, त्यात मीठ, जिऱ्याची पूड, चिमूटभर सुंठ, ठेचलेला लसूण. उकळी फुटली की कालवलेलं पीठ एका हाताने धार धरून ओतायचं आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहायचं. पाच-सात मिनिटं मंद आचेवर शिजू द्या, हुलग्याचा कच्चा वास गेला पाहिजे. शेवटी लसूण काढून टाका किंवा गाळून घ्या. वर तुपाची धार.

हे ताटात आलं की माणूस आजारी आहे असं वाटत नाही, पावसाळ्यात शेतावरनं आल्यासारखं वाटतं. तुम्हाला उकडीत गुठळ्या होतात त्याचंही औषध यातच आहे. पातळ पदार्थाला कोरडं पीठ कधीही थेट उकळत्या पाण्यात टाकायचं नाही. वरून लगेच शिजतं, आत कोरडं राहतं, तीच गुठळी.

गुरगुट्या:
उकडीची रीत देतो. 1 वाटी तांदळाचं पीठ (साखरेमुळे निम्मं ज्वारीचं घ्या, चांगलं लागतं), 2 वाट्या आंबट ताक, दीड वाटी पाणी, मीठ. सगळं गारच एकत्र घुसळा, दोसाच्या पिठाहून पातळ दिसायला हवं. कढईत गाळलेल्या फोडणीचं तेल, हळद, किसलेलं आलं, मग हे मिश्रण. आच मध्यम, हात थांबवायचा नाही. घट्ट व्हायला लागलं की आच बारीक, झाकण, दोन वाफा. चमच्याला चिकटेनाशी झाली की झाली. त्यांना आवडतं तसं वरून कच्चं तेल सोडा, कच्च्या तेलाशिवाय उकड म्हणजे नुसता चिखल.

आणि कढी. ताक जितकं आंबट आणि जितकी आच मोठी तितकी फुटायची शक्यता जास्त. दुधातलं प्रथिन आंबटपणात तापलं की गोळा होतं, बेसन त्याला आडवं येतं. 4 वाट्या ताकाला 2 पोह्याचे चमचे बेसन गारच घुसळून घ्या. ताक फ्रिजमधून थेट गॅसवर नको. पहिली उकळी येईपर्यंत एकाच दिशेने ढवळत राहा.

तव्याखालची राख:
एकाच दिशेने कशाला? कुठल्याही दिशेने ढवळा, थांबू नका म्हणजे झालं.

गुरगुट्या:
आमच्या आईने सांगितलंय, मी बदलणार नाही. मीठ शेवटी, हेही तिचंच.

चुलीवरचा चहा:
अंडी खातात का? दोन अंडी, दोन चमचे दूध, मीठ, चिमूटभर हळद, चांगलं फेटून तुपावर अगदी मंद आचेवर हलवत राहा. ओलसर असतानाच उतरवा, कोरडी भुर्जी टोचते. मटण खाणारे असतील तर हाडांचा अळणी रस्सा द्या. मऊ भातात कालवला की भात दिला होता हे विसरतील. पांढरा रस्सा करायचा असेल तर काजू आणि नारळाचं दूध घ्या, खसखस-तीळ आताच नकोत, वर आल्याप्रमाणे.

वारणाकाठ:
अंडी-मटण दोन्ही चालतं. रविवारी अळणी रस्सा नक्की. भाकरीचं काही होऊ शकेल का? सारखं तेच विचारतात.

पळीवाढी:
कुस्करून ताकात?

तव्याखालची राख:
आत्ताच नाही, जखमा जरा मिटू द्या. पुढच्या टप्प्यात करता येईल. ज्वारीचं पीठ उकळत्या पाण्यात उकड काढून मळा, साध्या पाण्याच्या भाकरीपेक्षा ती मऊ राहते. पातळ थापा, कडा कापून टाका (कडाच कडक होतात), मधला भाग गरम असतानाच बारीक कुस्करून आमटीत घाला आणि झाकून पाच मिनिटं ठेवा. जास्त ठेवलं तर लगदा होतो, मग परत "तान्हं बाळ".

तोवर आंबील. अर्धी वाटी ज्वारीचं पीठ दीड वाटी ताकात कालवून रात्रभर झाकून ठेवा. सकाळी चार वाट्या पाण्याला उकळी आणून त्यात ते सोडा, शिजवा, मीठ, लसूण-जिऱ्याचं गाळलेलं तेल. हे दुपारी गार खाल्लं तरी बिघडत नाही. तुम्ही आठला जाता ना, हा तुमचा दुपारचा प्रश्न सुटला. घट्ट झालं तर ताक घालून हलवून घ्यायचं, गॅस पेटवायलाच नको.

वजनकाटा:
आंबील छान पर्याय आहे. ज्वारीतही पिष्ट असतंच, म्हणून वाडगाभरच. सोबत त्या अंड्याचं पाहा. जेवणानंतर मिठाच्या कोमट पाण्याने चुळा, डॉक्टरांनी सांगितलं असेल तसं.

लिंबूरस:
सोलकढी कुणीच कशी सुचवली नाही?? गार, मऊ, चवीची.

वजनकाटा:
आंबट आहे, ओल्या जखमेवर झोंबेल. तीन-चार आठवड्यांनी द्या. लिंबू, चिंच, आमसूल सगळ्यांना तोच नियम, ताकही फार आंबट नको. गुरगुट्या यांनी उकडीत आंबट ताक सांगितलंय, ते सध्या ताजंच घ्या.

गुरगुट्या:
मान्य. ताज्या ताकाची उकड जरा सपक होते, आलं वाढवा.

वारणाकाठ:
सगळ्यांचे आभार. काल डॉक्टरांना फोन केला, त्यांनी एक गोळी सध्यापुरती कमी केली. माडगं केलं. पहिल्या घोटाला काही बोलले नाहीत, मग वाटी पुढे केली आणि म्हणाले, "हुलगं कुठनं आणलं?" आंबील रोजची ठरली. मेतकूट भाजून ठेवलंय, पण ते नाव न सांगता द्यावं लागेल.

एकच शंका. कांदा-लसूण मसाल्याचा डबा ते रोज उघडून वास घेतात. कधीपासून देता येईल?

तव्याखालची राख:
डॉक्टर तिखटाला हो म्हणाले की. तोपर्यंत वासावर. नंतरही सुरुवातीला मसाला थेट आमटीत नको, त्यात भाजलेल्या खोबऱ्याचे, तिळाचे कण असतात. पळीत तेल कोमट करून अर्धा चमचा मसाला घाला, पंधरा मिनिटं तसंच ठेवा, आणि नुसतं लाल तेल गाळून आमटीवर सोडा. रंग येतो, वास येतो, तिखट बेताचं राहतं.

पळीवाढी:
गाळणी स्टीलची.