रायटच्या एमएमओला पहिला प्रश्न कोणता? माझ्या मते, मेल्यावर काय जातं

झिरोमाइल_मेज :
रायट गेम्स त्यांच्या ‘लीग ऑफ लेजेंड्स’च्या रनटेरा या जगात एमएमओ (हजारो लोक एकाच जगात खेळतात असा ऑनलाइन गेम) करतंय, हे डिसेंबर २०२० मध्ये कळलं. ते सांगणारा ग्रेग स्ट्रीट २०२३ मध्ये कंपनी सोडून गेला. मार्च २०२४ मध्ये सहसंस्थापक मार्क मेरिलनं जाहीर केलं की जे बनत होतं ते आज मिळणाऱ्या गेमांपेक्षा पुरेसं वेगळं नव्हतं, म्हणून दिशा बदलून नव्यानं सुरुवात केली आहे आणि आता काही वर्षं आमच्याकडून फारसं काही ऐकू येणार नाही. मग रायटला विचारायच्या प्रश्नांची यादी करायची तर आत्ताच, सगळं पक्कं व्हायच्या आधी.

पण आपल्या पोट्ट्यांचे प्रश्न पाहा. योर्डल (तिथली बुटकी, केसाळ जमात) होऊन खेळता येईल का. उडतं जनावर मिळेल का. क्लास, म्हणजे पात्रांचे प्रकार, किती. अरे, हे ट्रेलरमध्ये दिसेलच. मला एवढंच विचारायचंय : माझं पात्र मेलं की माझ्याकडून काय जाणार?

या एका नियमावर बाकीचा गेम उभा राहतो. एव्हरक्वेस्टमध्ये (१९९९) मेलात की कमावलेला एक्सपी (अनुभवाचे गुण) कमी व्हायचा आणि अंगावरचं सामान प्रेतापाशी पडून राहायचं. ते आणायला रिकाम्या हातानं परत त्याच राक्षसांत जावं लागे. प्रेत ओढून आणणारा नेक्रोमॅन्सर (जादूगार खेळाडू) कधी लागेल याचा नेम नसायचा, म्हणून माणसं अनोळखी माणसाशीही नीट वागायची. २००४ मध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टनं ते सगळं सोपं केलं. भूत होऊन धावत जा, उठा, चिलखत दुरुस्तीचे पैसे भरा, संपलं. एकट्याला खेळता आलं, गर्दी वाढली, पण शेजारी कोण मरतोय याच्याशी कोणाला घेणंदेणं उरलं नाही. उलट ईव्ह ऑनलाइनमध्ये जहाज फुटलं की गेलंच. म्हणून तिथे जहाजं बांधून विकणाऱ्या खेळाडूंचा धंदा २००३ पासून चालू आहे.

रायटला खरंच वेगळं काही करायचं असेल तर मरण महाग करा. सगळीकडे नको. पण जगाच्या काही भागात अंगावरचं सामान पडलंच पाहिजे.

धरमपेठची_हीलर :
मेजभाऊ, तुम्हाला सकाळी कुठे जायचं नसतं वाटतं. मी मिहानमधून घरी येते, स्वयंपाक, पोराचा अभ्यास, आणि साडेदहाला पीसीसमोर बसते. जेमतेम तास मिळतो. त्या तासात झाडामागे लपलेला कोणीतरी माझी महिन्याभराची कमाई घेऊन जाणार, आणि तुम्ही म्हणणार की यानं माणसं जवळ येतात!

हा प्रयोग होऊन गेलाय. १९९७ मध्ये अल्टिमा ऑनलाइन आला तेव्हा शहराच्या वेशीबाहेर कोणीही कोणालाही मारून लुटायचा. नवखे बाहेर पडले की संपले. शेवटी २००० मध्ये त्याच जगाच्या दोन प्रती केल्या : जुन्या नियमांचा फेलुक्का, आणि ट्रॅमेल, जिथे तुमच्या मर्जीशिवाय कोणी मारू शकत नाही. लोक लोंढ्यानं ट्रॅमेलला गेले. न्यू वर्ल्डनेही आधी खुली मारामारी ठेवली होती. चाचणीत वरच्या लेव्हलचे लोक नवख्यांनाच झोडपत बसले, म्हणून २०२१ मध्ये गेम येण्याआधीच ती ऐच्छिक करावी लागली. अजून किती पुरावे हवेत?

झिरोमाइल_मेज :
ट्रॅमेलला लोक गेले, मान्य. पण ताई, तुम्ही एका टोकाचं उदाहरण देताय. अल्बियन ऑनलाइन पाहा. निळा, पिवळा, लाल, काळा असे भाग आहेत. निळ्या-पिवळ्यात मेलात तरी सामान तुमचंच. लाल आणि काळ्यात सगळं जातं. नकाशावर रंग दिसतो, कोणी फसवत नाही. तुम्ही निळ्यात राहा की. काळ्यात कोण ओढतंय तुम्हाला?

धरमपेठची_हीलर :
वरच्या दर्जाचा माल काळ्यात ठेवायचा आणि मग विचारायचं, कोण ओढतंय!

मानेवाडा_टँक :
तुमच्या दोघाईचं चालू द्या, पण मले एक सांगा. लाईन गेली तर? मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत अख्ख्या गल्लीचे एसी चालू राहतात अन् रात्री अकराले डीपी उडते. इन्व्हर्टरवर पंखा चालते, माहा पीसी नाही चालत. तिकडे बॉससमोर, म्हणजे मोठ्या राक्षसासमोर, माहा टँक (सगळ्याइच्या पुढे राहून मार खाणारा) पुतळ्यावानी उभा. मेला. सामान गेलं. आता कोणाले धरू?

अन् हे नुसतं आपलं नागपुरी रडगाणं नाही. वॉवच्या (वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या) हार्डकोर सर्व्हरवर एकदा मेलं की पात्र कायमचं जाते. मार्च २०२५ मध्ये तिथे डीडॉस हल्ले (खोट्या ट्रॅफिकनं सर्व्हर बुडवणारे) झाले अन् मोठमोठे स्ट्रीमर रेडमध्येच, म्हणजे टोळीनं करायच्या मोठ्या लढाईतच, मेले. वॉववाल्या ब्लिझार्ड कंपनीनं त्यांची पात्रं परत जिवंत करायचं ठरवलं. बरं केलं. पण त्यांचं मरण सारी दुनिया पाहून राहिली होती बे. मानेवाड्यात डीपी उडाली त मले कोण जिवंत करते?

झिरोमाइल_मेज :
टँकभाऊ, तुझं दुःख खरं आहे. पण कनेक्शन तुटलं म्हणून माफी दिली की प्रत्येक भैताड हरायला लागला की वायर ओढेल. सर्व्हरला काय दिसतं? उत्तर येणं बंद झालं, एवढंच. डीपी उडाली की राऊटर काढला, त्याला कसं कळणार? म्हणून बरेच गेम लढाईत तुटलेल्याचं पात्र थोडा वेळ तसंच उभं ठेवतात. विचारायचं ते हे : किती सेकंद? आणि माणसानं मारलं तर वेगळा नियम, राक्षसानं मारलं तर वेगळा, असं जमेल का? राक्षसाच्या बाबतीत माफी द्यायला माझी ना नाही.

रिटायर्ड_रेडर :
सगळे मरणावर बोलताय, मारामारी कशी आहे ते कोणी विचारत नाही.

साधा हिशेब करा. फायबरमधून प्रकाश एका मिलिसेकंदात सुमारे २०० किलोमीटर जातो. नागपूर ते सिंगापूर सरळ रेषेत साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास. जाऊन-येऊन ३५ मिलिसेकंद हे भौतिकशास्त्राचं भाडं, ते कोणतीही कंपनी कमी करू शकत नाही. त्यात आपण देशाच्या मधोमध. समुद्राखालच्या केबल्स मुंबई-चेन्नईच्या किनाऱ्यावर येतात, म्हणजे आधी तिथवर पोचा, मग वळसे घेत पुढे. झिरो माइल अभिमानाची गोष्ट आहे, पण पिंगला (सर्व्हरपर्यंत जाऊन-येऊन लागणाऱ्या वेळेला) तिचा उपयोग शून्य.

आता हे कुठे टोचतं ते गेमवर आहे. ओल्ड स्कूल रुनस्केपचा सर्व्हर ०.६ सेकंदाच्या ठोक्यावर चालतो. तिथे पिंग ८० असो की १२०, फारसा फरक पडत नाही. फायनल फँटसी १४ मध्ये दोन मुख्य वारांमध्ये साधारण अडीच सेकंद असतात, म्हणून हीलरताईंसारखे लोक इथून निभावून नेतात. पण नेम धरून मारायची आणि ऐन वेळी कोलांटी घेऊन वार चुकवायची लढाई असेल, तर सिंगापूरच्या पोरानं तलवार उचललेली मला दिसेपर्यंत ती माझ्या खांद्यात असेल. त्यावर मेजभाऊंचं महागडं मरण लावा. म्हणजे दंड कौशल्याला नाही, पत्त्याला.

रायटनं व्हॅलोरंटसाठी मुंबईत सर्व्हर ठेवले आहेत, हे बरोबर. पण शूटरला दहा जण जमले की सामना होतो. एमएमओचं जग जिवंत वाटायला हजारो लोक रोज लागतात. भारतातून तेवढे येतील असं कंपनीला वाटलं नाही, तर आपल्याला सिंगापूरलाच बसवतील. म्हणून माझा पहिला प्रश्न : टार्गेट निवडून लढायचं की नेम धरून? उत्तर ‘नेम धरून’ असेल तर दुसरा : मुंबईत सर्व्हर आहे का?

सावजी_डीपीएस :
जो गेम कधी येईल पत्ता नाही, त्याच्या मरणावर भांडून राहिले. गंमत आहे. मी वेगळंच विचारतो : व्हॅनगार्ड (रायटचं चीटिंग पकडणारं सॉफ्टवेअर) लागणार का? विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० अन् सिक्युअर बूट (पीसीतल्या सुरक्षेच्या सोयी) लागते, २०२४ मध्ये लीगलाही व्हॅनगार्ड लावलं. सीताबर्डीतून घेतलेल्या सेकंडहँड डब्यावर गेम उघडलाच नाही तर मरायची संधी कुठून भेटणार?

धरमपेठची_हीलर :
सावजी, गेम आल्यावर विचारून उपयोग नसतो, तेव्हा फक्त पॅच नोट्स (झालेल्या बदलांची यादी) मिळतात. रेडर यांचं म्हणणं मला पटतं.

आणि एक गोष्ट कोणी बोललं नाही : पैसा. मरण महाग केलं की कंपनीला मोह होतो. उद्या दुकानात ‘मेलात तरी सामान सुरक्षित’ असा ताईत विकायला ठेवला तर? मग भीती फक्त आमच्यासारख्यांना, ज्याचं कार्ड चालतं तो निर्धास्त. डायब्लो ३ मध्ये खऱ्या पैशांचा लिलाव होता. लोक राक्षस मारायचं सोडून बाजारभाव पाहत बसले आणि मार्च २०१४ मध्ये तो कंपनीनंच बंद केला. तेव्हा मेजभाऊ, प्रश्न असा लिहा : ‘मरणाचा तोटा पैसे देऊन टाळता येईल का?’ हा वर. तुमचा त्याखाली.

झिरोमाइल_मेज :
ताईत विकला तर मीही खेळणार नाही, हे लिहून देतो. पण तोटाच नसेल तर टाळायचं काय? माझा वर, तुमचा लगेच त्याखाली.

मानेवाडा_टँक :
अन् माहा सेकंदाचा?

धरमपेठची_हीलर :
टँकचा सगळ्यात वर. मे महिना येऊन राहिला.