मदत हवी आहे: उन्हाचा प्रश्न ग्रामसभेत कसा मांडू?

नमस्कार मंडळी. मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर आहे. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला बाया पहाटेच निघतात, पण पुडे बांधून फळीवर (जिथे पुडे मोजून घेतात तिथे) पोचेपर्यंत दुपार होते. गेल्या वर्षी एकीला आणलं, तेव्हा अंग तव्यासारखं तापलेलं, घामाचा टिपूस नाही, बोलणं असंबद्ध. ओली चादर, पंखा, काखेत बर्फ. वाचली.

आता फळीवर मांडव, पाणी, ओआरएस आणि संध्याकाळची मोजणी मागायची आहे. अहमदाबादने २०१० च्या लाटेनंतर २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला. पण तो शहराचा. "ऊन तर दरवर्षीचंच" म्हणणाऱ्यांना हवामान बदल कसा समजवायचा? जंगलभागात असा ठराव कुणी करून घेतलाय का? मसुदा असेल तर कृपया पाठवा.