फाट दिसली म्हणजे ऑपरेशनच, असं नाही

‘पन्नाशी उलटलीय, पडलो-बिडलो नाही, पण एमआरआयमध्ये मेनिस्कस (गुडघ्यातली कूर्चेची गादी) फाटलेला दिसतोय, दुर्बिणीतून ऑपरेशन करून टाकू का?’ असं एकाने विचारलंय. माझं मत, घाई नको. या वयात अशी झिजेची फाट गुडघा अजिबात न दुखणाऱ्यांच्या एमआरआयमध्येही सर्रास सापडते. झिजेच्या गुडघ्यासाठी दुर्बिणीची शस्त्रक्रिया जवळपास कुणालाच करू नये, असं बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातल्या 2017च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट म्हटलंय. आधी तीनेक महिने मांडीचे स्नायू मनापासून कमवा. सुरुवात अगदी साधी: पाय पसरून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती खाली दाबून पाच आकडे मोजायचे, सोडायचं. (कंटाळवाणं आहे, म्हणूनच लोक दहाव्या दिवशी सोडतात.)

गुडघा अडकून सरळच होत नसेल, तर मात्र वाट न पाहता ऑर्थोपेडिककडे जा.

तरुणपणी खेळताना झालेली इजा ही वेगळी गोष्ट. माझा एसीएल (गुडघा स्थिर ठेवणारा आतला अस्थिबंध) गेला तेव्हा वळताना ‘टक्’ असा आवाज आला आणि दोन तासांत गुडघा टम्म फुगला. मेनिस्कसची सूज बहुधा सावकाश, दुसऱ्या दिवशीपर्यंत येते. एसीएल तुटला तरी प्रत्येकाला ऑपरेशन लागतंच असं नाही. झटकन वळण्याचे खेळ पुन्हा खेळायचे असतील किंवा चालताना गुडघा दगा देत असेल, तर विचार करावा. आणि केलंत, तर मैदानावर परतायला निदान नऊ महिने धरा. मी सहाव्यातच उतरायला निघालो होतो, फिजिओने अक्षरशः हाताला धरून बसवलं.