चार-पाच मजली कामं करणाऱ्या छोट्या फर्मने बीआयएमकडे वळावं का?

मिरजेचा_ठेकेदार
नमस्कार. मिरजेत आमची वडिलांपासूनची फर्म आहे. पार्किंगवर चार-पाच मजले, कधी एखादी शाळा. ऑफिसात दोन इंजिनिअर, एक ड्राफ्ट्समन, सगळं ऑटोकॅडवर. आता एका छोट्या हॉस्पिटलच्या कामासाठी पुण्याच्या सल्लागाराने बीआयएम मॉडेल (इमारतीचं माहितीसकट थ्री-डी मॉडेल) मागितलंय, तेही आयएफसी फाइलमध्ये, म्हणजे कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडेल अशा खुल्या फॉरमॅटमध्ये. वडील म्हणतात, नागपूर मेट्रोने फाइव्ह-डी बीआयएम (मॉडेलला वेळ आणि खर्चही जोडलेला) वापरलं ते ठीक, आपल्या कामाला ते कशाला? मला मात्र शिकायचंय. स्लॅब झाल्यावर पाइपासाठी कोअर कटिंग करताना (मशीनने भोक पाडताना) सळई कापली जाते, ते बघवत नाही. सॉफ्टवेअर घेऊ की मॉडेल बाहेरून करून घेऊ? आणि शिकवू कोणाला?

पंचगंगाकाठ (साइट इंजिनिअर, कोल्हापूर)
दादा, वडिलांची शंका रास्त आहे. मेट्रो सोडा, टॉयलेटचा सन्क (पाइप बसवायला खाली घेतलेला स्लॅब) बघा. आम्ही सुरुवात तिथूनच केली. ३०० मिमी सन्क, त्यात ११० मिमीचा सॉइल पाइप, ३ मीटर धाव, १:६० उतार धरला तर शेवटाला ५० मिमी खाली. हिशेबात आरामात बसतं. पण डक्टकडे (उभे पाइप जातात त्या पोकळीकडे) जाताना ४५० मिमीचा बीम आडवा येतो. आर्किटेक्टच्या प्लॅनवर त्या बीमची खोली नसते आणि आरसीसीच्या (कॉलम-बीमच्या) ड्रॉइंगवर पाइप नसतो. मॉडेलमध्ये दोन्ही एकत्र आले की स्लॅब भरायच्या आधीच दिसतं, आणि स्लीव्ह (पाइपासाठी काँक्रीटमध्ये ठेवायची नळी) कुठे सोडायची ते सेंट्रिंगवाल्याला सांगता येतं.

म्हणून दाराच्या कडीसकट सगळी इमारत उभी करत बसू नका. कॉलम, बीम, स्लॅब, डक्ट आणि मोठे पाइप पुरे. हॉस्पिटल आहे तर एसीचे डक्ट आणि मेडिकल गॅसची लाइन धरा.

बाहेरून करून घेऊ नका, हे माझं ठाम मत. बाहेरचा माणूस हाती आलेलं ड्रॉइंग तसंच उभं करून देतो, तोवर मालकाने बेसिन दुसऱ्या भिंतीला नेलेलं असतं. साइट पाहिलेला एखादा तरुण इंजिनिअर शिकवा. पाइप बीमखालून घ्यायचा की डक्टच सरकवायची, हे सुचायला सळई बांधलेल्या स्लॅबवर चाललेलं असावं लागतं.

सगळ्यात जास्त ताकद मात्र माणसं जमवण्यात जाते. आपल्याकडे फिटिंग, टाइल, किचन ओटा यांचे निर्णय प्लास्टरपर्यंत लांबतात. मॉडेलला ते स्लॅबआधी लागतात. फुटिंग चालू असतानाच मालक, आर्किटेक्ट आणि प्लंबर यांना एकत्र बसवा. हे वडिलांनी मनावर घेतलं तर होईल, त्यांचा शब्द सगळे ऐकतात.

नाशिककर_आरसीसी
वरच्याशी सहमत. मॉडेलमधली क्वांटिटी थेट बिलाला लावू नका. आयएस १२०० (बांधकामाच्या मोजमापाचं भारतीय मानक) प्रमाणे प्लास्टरमध्ये ०.५ चौरस मीटरपर्यंतची ओपनिंग वजा होत नाही, सॉफ्टवेअर मात्र सगळीच वजा करतं. बीम-स्लॅब नीट जोडले नाहीत तर काँक्रीट दोनदा मोजलं जातं. पहिल्या इमारतीला हाताने लिहिलेली एमबी (मोजमाप वही) शेजारी ठेवाच.

रेव्हिट (बीआयएमचं सॉफ्टवेअर) घेणार असाल तर सल्लागाराचं व्हर्जन आधी विचारा. नव्या व्हर्जनमध्ये सेव्ह केलेली फाइल जुन्यात उघडत नाही. रेव्हिट एलटी ही छोटी आवृत्ती स्वस्त पडते, पण एका मॉडेलवर दोघांना एकाच वेळी काम करता येत नाही. नुसती आयएफसी उघडून तपासायची असेल तर बोन्साय हे सॉफ्टवेअर मोफत आहे.

मिरजेचा_ठेकेदार
खूप आभार. आमचे आर्किटेक्ट आणि आरसीसीवाले दोघंही टू-डीच देतात. मॉडेल आम्ही केलं आणि त्यात चूक राहिली तर जबाबदारी कोणाची?

पंचगंगाकाठ
करारात लिहून घ्या: सही-शिक्क्याचं ड्रॉइंग अंतिम, मॉडेल फक्त समन्वयासाठी. टक्कर दिसली तरी बीम आपण हलवायचा नाही. ग्रिड, लेव्हल आणि स्क्रीनशॉट आरसीसीवाल्यांना मेल करायचा, सुधारित ड्रॉइंग आलं की मगच मॉडेल बदलायचं.

आणि सल्लागाराला आजच विचारा, आयएफसी कशाला हवीय? बांधताना तपासायला, की पुढे हॉस्पिटलच्या देखभालीला? देखभालीसाठी असेल तर प्रत्येक पंपाची, व्हॉल्व्हची माहिती भरावी लागेल. ते काम वेगळं, त्याचा दरही वेगळा. टेंडर भरण्याआधी उत्तर लेखी घ्या.